युरोपातून कायमचं परतताना: तिथे काय उरकायचं, इथे काय लावायचं

आठ-दहा वर्षं युरोपात काढलेलं कुटुंब परत यायचं ठरवतं, तेव्हा पहिल्यांदा विमानाच्या तिकिटांचे भाव बघितले जातात. खरं तर तिकीट हे यादीतलं शेवटचं काम आहे. परतीची तारीख ठरते तीन वेगवेगळ्या कॅलेंडरांवर: तिथल्या घराच्या नोटिशीचं, मुलांच्या शाळेचं आणि भारतीय आयकराचं. ही तिन्ही शेजारी मांडली की तारखेचा घोळ बराचसा सुटतो.

मी इथे मुख्यतः जर्मनीबद्दल लिहिते आहे, कारण तिथली व्यवस्था मी जवळून पाहिली आहे. नेदरलँड्सचा फरक जिथे महत्त्वाचा, तिथे तोही सांगते. देश कुठलाही असो, क्रम मात्र एकच ठेवा. तिथला पत्ता, तिथला फोन नंबर आणि तिथलं रेसिडेन्स परमिट हातात असतानाच होणारी कामं आधी. पुण्यात किंवा नाशकात बसून होणारी नंतर. हा क्रम उलटला की एका सहीसाठी किंवा एका ओटीपीसाठी महिनोन्महिने पत्रव्यवहार करावा लागतो.

तारीख ठरवताना

जर्मनीत भाडेकरूची नोटीस तीन महिन्यांची असते. महिन्याच्या तिसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत पत्र घरमालकाला मिळालं तर तो महिना धरला जातो. म्हणजे ३१ ऑगस्टला घर सोडायचं असेल तर जूनच्या तिसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत पत्र पोचायला हवं. एक दिवस चुकला की एका महिन्याचं भाडं गेलं. ई-मेल चालत नाही, पेनाने सही केलेलं पत्रच लागतं. करार नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल तर सह्याही दोघांच्या हव्यात. पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवा किंवा हातात देऊन पोच घ्या. नोकरीची नोटीस तुमच्या करारात असेल तेवढी; ती अनेकदा तीन महिन्यांचीच असते, म्हणून दोन्ही एकत्र मोजायला घ्या.

शाळेचं गणित वेगळं. महाराष्ट्रात राज्य मंडळाच्या शाळा साधारण जूनच्या मध्यात सुरू होतात, सीबीएसईच्या एप्रिलमध्ये. जर्मन शाळांचं वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतं. तेव्हा कुठेतरी दोन-तीन महिन्यांचा तुकडा गळणार किंवा दोनदा शिकावा लागणार, हे धरूनच चला. जर्मनीत शाळेत जाणं कायद्याने सक्तीचं आहे, त्यामुळे मुलाचं नाव शाळेतून रीतसर काढल्याशिवाय सत्राच्या मध्येच निघू नका.

आता आयकर. आपलं आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. त्या वर्षात भारतात १८२ दिवस किंवा जास्त राहिलात तर तुम्ही निवासी. दुसरी कसोटी अशी, की त्या वर्षात ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात असलात तरीही निवासी. दरवर्षी तीन-चार आठवड्यांच्या सुट्टीवर येणाऱ्यांचे चार वर्षांत ३६५ दिवस भरत नाहीत, त्यामुळे त्यांना पहिली कसोटीच लागू पडते. म्हणजे त्या आर्थिक वर्षात आधी भारतात राहिला नसाल आणि ऑक्टोबरचे पहिले दोन-तीन दिवस उलटल्यावर आलात, तर ते वर्ष अनिवासी म्हणूनच जातं आणि परदेशातली कमाई इथल्या करातून बाहेर राहते. पण मधल्या काळात बाळंतपणासाठी किंवा आई-वडिलांच्या आजारपणासाठी लांब मुक्काम झाला असेल तर पासपोर्टवरचे शिक्के काढून बसा आणि दिवस मोजा. येण्याचा आणि जाण्याचा, दोन्ही दिवस भारतात धरा, म्हणजे हिशेब सुरक्षित राहतो.

शाळा म्हणते जून, आयकर म्हणतो ऑक्टोबर. मुलं शाळेत जाणारी असतील तर माझं मत स्पष्ट आहे: जूनच धरा. बरीच वर्षं बाहेर राहिलेल्या माणसाला परतल्यावर पहिली दोन-तीन वर्षं करात एक मधला दर्जा मिळतो (त्याबद्दल पुढे लिहिलं आहे). त्यामुळे ऑक्टोबरपर्यंत थांबून वाचणारा कर बहुतेक पगारदारांच्या बाबतीत फार नसतो. मुलाला अर्ध्या सत्रात, ओळखीपाळखी पक्क्या झालेल्या वर्गात नेऊन बसवण्याची किंमत त्यापेक्षा कितीतरी मोठी आहे.

आबमेल्डुंग आणि त्याला लटकलेली कामं

जर्मनीत राहायला गेल्यावर आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंद, केलं होतं, तसं निघताना आबमेल्डुंग, म्हणजे ती नोंद रद्द, करायचं. घर सोडण्याच्या फार तर एक आठवडा आधी आणि उशिरात उशिरा सोडल्यानंतर दोन आठवड्यांत. आधी गेलात तर परत पाठवतात. या कामाचा जो दाखला मिळतो तो सोन्यासारखा जपा. आरोग्य विमा, इंटरनेट, फोन असे सगळे करार बंद करायला तोच मागतात. तिथल्या तिथे स्कॅन करा आणि कुटुंबातल्या प्रत्येकाचं नाव बरोबर आलंय का ते खिडकीपाशीच तपासा.

इंटरनेटचा करार दोन वर्षांचा असला तरी देश सोडताना एक महिन्याच्या नोटिशीवर सुटता येतं. रेडिओ-टीव्हीचा महिन्याचा १८.३६ युरोंचा घरटी आकार मात्र आपोआप थांबत नाही, तो वेगळा कळवून बंद करावा लागतो. मुलांचा किंडरगेल्ड, म्हणजे सरकारी बालभत्ता, घेत असाल तर तो देणाऱ्या फामिलिएनकासे या कार्यालयाला तारीख लेखी कळवा, नाहीतर जास्तीचे पैसे पुढे वसूल होतात. लायबिलिटी विमा घराच्या चाव्या परत देईपर्यंत चालू ठेवा. सामान हलवताना लिफ्टचा आरसा फुटला, तर उपयोगी पडेल तो हाच विमा.

नेदरलँड्समध्ये पुढच्या १२ महिन्यांत ८ महिन्यांहून जास्त काळ बाहेर राहणार असाल तर निघण्याआधीच्या पाच दिवसांत खेमेंटेला, म्हणजे तिथल्या नगरपालिकेला, कळवायचं असतं. तिथल्या लोकांनी एक गोष्ट न विसरता करावी: डिजिडीचं, म्हणजे सरकारी कामांसाठीच्या ऑनलाइन ओळखीचं, अ‍ॅप तिथे असतानाच ओळखपत्रासह पूर्ण चालू करून घ्यावं. पुढे कर असो वा पेन्शन, प्रत्येक दार त्याच किल्लीने उघडतं. निघालेल्या वर्षाचा करही नेहमीच्या नव्हे, स्थलांतरितांसाठीच्या एम-फॉर्मवर भरायचा असतो.

बँकेचं खातं बंद करू नका. हे मी प्रत्येकाला दोनदा सांगते. घराचं डिपॉझिट, विजेच्या हिशेबातले उरलेले पैसे, कराचा परतावा, काही वर्षांनी पेन्शनचे पैसे, सगळं त्यातच येणार. बँकेला नवा पत्ता आणि करासाठी तुम्ही आता भारतात निवासी होणार हे कळवा, म्हणजे खातं मध्येच गोठत नाही. फोन नंबर स्वस्तातल्या प्रीपेड सिमवर घ्या आणि बँकेचं अ‍ॅप निघण्याआधी त्याच फोनवर नोंदवा, जो भारतात वापरणार आहात. अनेक बँका नव्या फोनसाठीचं पत्र पोस्टाने नोंदलेल्या पत्त्यावर पाठवतात, आणि तो पत्ता तुम्ही नुकताच सोडलेला असतो. एल्स्टरचं, म्हणजे जर्मनीत कर भरायच्या ऑनलाइन खात्याचंही तसंच. जर्मनीतून निघालेल्या वर्षाचं रिटर्न जरूर भरा, कारण वर्षभराच्या अंदाजाने कापलेला कर अर्धवट वर्षात बऱ्याचदा जास्त झालेला असतो. सक्ती नसलेलं रिटर्न चार वर्षं मागचंही भरता येतं.

घराच्या चाव्या देताना

जर्मनीत डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत असू शकतं. मोठ्या शहरात ही रक्कम चांगलीच भरते. ती परत करायला कायद्यात नेमकी मुदत नाही, तीन ते सहा महिने लागणं सर्रास आहे आणि हीटिंग-पाण्याच्या वार्षिक हिशेबासाठी थोडी रक्कम आणखी अडकते. तुम्ही तोवर हजारो किलोमीटर लांब असता. म्हणून त्या एका दिवसाची तयारी नीट करा.

घराची तपासणी करायला येणारा माणूस काय बघतो ते सांगते. तो आधी नळाशी वाकतो. जर्मनीतल्या बऱ्याच भागांत पाणी जड आहे, नळाच्या तोंडाशी आणि शॉवरच्या काचेवर पांढरा थर बसतो. सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्याने तो आधीच्या आठवड्यात काढून ठेवा, त्याच दिवशी घासून निघत नाही. मग ओव्हनचा ट्रे, बाथटबच्या कडेचं काळं पडलेलं सिलिकॉन, भिंतीतली खिळ्यांची भोकं, खिडक्यांच्या चौकटी. शेवटी तळघरातली खोली, जी सगळे विसरतात. त्याच्याबरोबर फिरताना प्रत्येक मीटरचा आकडा नंबरासकट दिसेल असा फोटो घ्या. हँडओव्हरच्या कागदावर मीटरचे आकडे, किती चाव्या दिल्या आणि काय काय ठीक आहे हे लिहून दोघांच्या सह्या हव्यात. घाईत ‘बघू, कळवतो’ म्हणून कागद न करता निघू देऊ नका. रंगकाम करून द्यायचं की नाही हे करारातल्या कलमावर अवलंबून आहे. अशी बरीच कलमं तिथल्या कोर्टांनी रद्द ठरवलेली आहेत, तेव्हा पैसे मोजण्याआधी भाडेकरू संघटनेकडून करार वाचून घ्या.

आणखी एक जर्मन प्रकार म्हणजे स्वयंपाकघर. तिथे पुष्कळ घरं ओट्याशिवाय, कपाटांशिवाय मिळतात आणि आपण हजारो युरो घालून ते बसवतो. पुढच्या भाडेकरूने घेतलं तर उत्तम, नाहीतर उखडून न्यावं लागतं. म्हणून नोटीस देताना घरमालकाला विचारा, की नवा भाडेकरू बघायला येईल तेव्हा तुम्हीही हजर राहू शकता का. मोठं सामान टाकायचं असेल तर पालिकेची तारीख काही आठवडे आधी घ्यावी लागते.

परतीचं दार किती दिवस उघडं राहतं

मनात थोडी शंका असेल तर हा भाग नीट वाचा. जर्मनीतलं साधं रेसिडेन्स परमिट देशाबाहेर सहा महिने राहिलं की संपतं. ब्लू कार्ड (उच्चशिक्षित नोकरदारांचा युरोपीय परवाना) असलेल्यांना बारा महिने मिळतात. कायमच्या परवान्यांत दोन प्रकार आहेत आणि त्यांतला फरक फार मोठा आहे. राष्ट्रीय प्रकार, म्हणजे नीडरलासुंग्स-एर्लाउबनिस, साधारण सहा महिन्यांत जातो. युरोपीय संघाचा दीर्घ मुदतीचा परवाना संघाबाहेर सलग बारा महिन्यांपर्यंत टिकतो आणि आधी ब्लू कार्डवर असलेल्यांना तो चोवीस महिने मिळू शकतो. परतायचा विचार एखाद-दोन वर्षं लांब असेल तर पात्र असल्यास हा दुसरा परवाना आधी घेऊन ठेवा. तिथे असतानाच मिळतो तो.

आणि एक बारीक गोष्ट. कायमचं निघालो हे तुमच्या वागण्यातून दिसलं तर काही परवाने महिने मोजण्याआधीच संपतात. परतीची शक्यता खरोखर असेल तर निघण्याआधी परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या.

मुलांच्या नागरिकत्वाचं आधीच बघा. जर्मनीत जन्मलेल्या मुलाला पालकांच्या तिथल्या वास्तव्यामुळे जन्मतः जर्मन नागरिकत्व मिळालेलं असू शकतं. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. अशा मुलासाठी ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्यांसाठीचं) तिथूनच काढून घ्या, त्याला वेळ लागतो आणि तिकिटाची तारीख त्यावर अवलंबून ठेवावी. ओसीआयवर इथे शिकता येतं, राहता येतं. शेतजमीन विकत घेता येत नाही आणि मतदान करता येत नाही.

कागदांची पिशवी

ही पिशवी हातातल्या सामानात राहील, सुटकेसमध्ये नाही. जन्मदाखले (जर्मनीत बहुभाषिक नमुन्यात मागता येतात), लग्नाचा दाखला, शाळेचे निकाल आणि शाळा सोडल्याचं पत्र, लसीकरणाचं पिवळं पुस्तक, डॉक्टरांची पत्रं, दातांचे एक्सरे, विम्याचा क्लेम-इतिहास, कारच्या विम्यात क्लेम न केल्याचं पत्र, सगळ्या वर्षांच्या पगाराच्या वार्षिक स्लिपा, पेन्शन खात्याचा उतारा. नोकरी सोडताना आर्बाइट्सत्सोयग्निस, म्हणजे कामाचं सविस्तर प्रशस्तिपत्र, मागणं हा तुमचा कायदेशीर हक्क आहे. ते इंग्रजीतही मागा. साहेब बदलला की जुन्या कामाबद्दल लिहिणारा कोणी उरत नाही.

भारत २००५ पासून अपोस्टिल करारात (एकमेकांचे सरकारी कागद एका शिक्क्यावर मानण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात) आहे, म्हणून बहुतेक युरोपीय देशांचा कागद तिथला अपोस्टिल शिक्का घेऊन इथे चालतो. जर्मनीने मात्र भारताच्या सहभागाला हरकत घेतलेली असल्यामुळे तिथल्या कागदांना लांबचा रस्ता आहे: आधी जर्मन कार्यालयाचं प्रमाणीकरण, मग भारतीय वकिलातीचं. हे इथून करणं त्रासाचं आहे. जन्मदाखले आणि पदव्या तरी तिथेच उरकून घ्या.

सामान: काय आणावं

दोन वर्षं किंवा जास्त बाहेर राहून कायमचं परतणाऱ्यांना कस्टमच्या बॅगेज नियमांत ‘ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स’ची सवलत आहे. त्यात वापरलेल्या घरगुती वस्तू ठरावीक किमतीपर्यंत ड्युटीशिवाय आणता येतात. किमतीची मर्यादा आणि वस्तूंच्या याद्या सरकार बदलत असतं, तेव्हा कंटेनर बुक करायच्या आठवड्यात कस्टमच्या संकेतस्थळावरचे चालू नियम वाचा. त्या दोन वर्षांतल्या भारतभेटींच्या दिवसांवरही अट असते. सोन्याचे नियम वेगळे आहेत, दागिने जास्त असतील तर आधी विचारून घ्या.

क्लिअरिंग एजंटला हवी असते ती यादी. ती ‘किचनचं सामान, ३ खोके’ अशी केली तर खोकी उघडली जाणार हे नक्की. खोक्याचा नंबर, वस्तू, कंपनी, कधी घेतली, अंदाजे किंमत, वापरलेली आहे असा शेरा, एवढं प्रत्येक ओळीत हवं: ‘खोका १४, मिक्सर, २०१९, ६० युरो, वापरलेला’. माल न्हावा शेवाला उतरतो तेव्हा तुम्ही भारतात पोचलेले असायला हवं, कारण मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. कोटेशन घेताना ‘घरापासून घरापर्यंत, बंदरावरच्या सगळ्या आकारांसह’ असं लेखी घ्या. कागद अडले की डेमरेज, म्हणजे माल बंदरात पडून राहिल्याचा आकार, दिवसागणिक चढतं. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यापासून बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून येऊ लागली आणि प्रवास दहा दिवस ते दोन आठवड्यांनी लांबला. बोटीचा मार्ग विचारून घ्या आणि पहिले तीन महिने लागणारं सगळं विमानातल्या बॅगांत भरा.

वीज दोन्हीकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ, त्यामुळे उपकरणं चालतात. फक्त जाड गोल पिनांचा जर्मन प्लग इथल्या सॉकेटात ढिला बसतो आणि त्याचं अर्थिंग लागत नाही. ओव्हन, इस्त्री, वॉशिंग मशीन अ‍ॅडॉप्टरवर चालवू नका, इलेक्ट्रिशियनकडून भारतीय तीन पिनांचा प्लग बसवून घ्या. भुशाच्या बोर्डाचं फर्निचर पावसाळ्यात फुगतं, ते तिथेच विका. गाडीही तिथेच, तिचं स्टिअरिंग इथे चुकीच्या बाजूला पडतं. सायकली, पुस्तकं, मुलांची खेळणी, चांगली भांडी आणा. मुलांच्या खोलीतलं थोडं ओळखीचं सामान, पांघरूण असो वा टेबललॅम्प, इथल्या पहिल्या महिन्यात त्यांना फार आधार देतं.

इथे आल्यावर पैशाची घडी

दोन कायदे, दोन व्याख्या. आयकर दिवस मोजतो. फेमा, म्हणजे परकीय चलनाचा कायदा, तुमचा हेतू बघतो: कायमचं राहायला आलात तर आलेल्या दिवसापासून निवासी. म्हणून बँकेला लगेच कळवायचं. एनआरई आणि एनआरओ ही अनिवासींची खाती निवासी खात्यात बदलतात आणि एनआरईच्या व्याजावरची करमाफी तिथे संपते. एफसीएनआर ठेवी (अनिवासींच्या परकीय चलनातल्या) मुदत संपेपर्यंत ठरलेल्या दराने चालू राहू शकतात. युरोतच पैसा ठेवायचा असेल तर आरएफसी, म्हणजे निवासींसाठीचं परकीय चलनाचं, खातं उघडा. तिथली बचत, शेअर, घर भारतात निवासी झाल्यावरही ठेवायला फेमाची हरकत नाही, कारण ते तुम्ही बाहेर असताना कमावलेलं आहे.

आता तो मधला दर्जा, ज्याला सगळे आरएनओआर (निवासी, पण सामान्यतः निवासी नाही) म्हणतात. आधीच्या दहा वर्षांपैकी नऊ वर्षं तुम्ही अनिवासी असाल किंवा आधीच्या सात वर्षांत भारतात ७२९ दिवस किंवा कमी राहिला असाल तर निवासी असूनही तुमच्या परदेशातल्या उत्पन्नावर साधारणपणे इथे कर लागत नाही (इथून चालवलेल्या धंद्याचं उत्पन्न सोडून). हा काळ दोन, कधी तीन वर्षांचा असतो. तिथले फंड, शेअर विकायचे असतील तर याच खिडकीत विका. ही खिडकी मिटली की परदेशी मालमत्ता रिटर्नमध्ये शेड्यूल एफएमध्ये दाखवावी लागते. तिथलं विसरलेलं छोटं खातंही. न दाखवल्यास काळ्या पैशाच्या कायद्याखाली दहा लाखांचा दंड होऊ शकतो. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे, तेव्हा अशा परतलेल्यांची कामं नेहमी करणारा सीए शोधा. पहिल्या वर्षी त्याची फी ही बचतच समजा.

पॅन आधारशी जोडलेलं आहे का बघा, आधारला चालू भारतीय नंबर जोडा. इथल्या अर्ध्या गोष्टी त्या नंबरावर येणाऱ्या ओटीपीवर चालतात. ड्रायव्हिंग लायसन्स संपून वर्ष उलटलं असेल तर पुन्हा टेस्ट द्यावी लागते. भाड्याने घर घेतलंत तर लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवलेलाच घ्या. महाराष्ट्रात नोंदणी सक्तीची आहे आणि पत्त्याचा पुरावा म्हणूनही तोच कामाला येतो.

आरोग्य विमा विमानात बसण्याआधीच घेता आला तर घ्या. सुरुवातीचे ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही आणि आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ते घड्याळ जितकं लवकर सुरू होईल तितकं बरं. बीपी, शुगर, जुनी ऑपरेशनं, काहीही लपवू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेव्हा रक्कम ठरवताना हात आखडू नका.

मुलं

घरात मराठी बोलणारं नऊ वर्षांचं मूल इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात अडकतं ते वाचण्यात. रिक्षातून जाताना पाटी दिसते, ‘श्री गणेश स्टेशनरी’, आणि ते ‘श्री’पाशीच थांबतं. जोडाक्षरं कधी पाहिलेलीच नसतात. वर्गात फळ्यावरचं उतरवायला इतरांच्या दुप्पट वेळ लागतो आणि हुशार मूल गप्प होतं. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे, त्यामुळे इंग्रजी माध्यम घेऊनही हे टळत नाही, आणि टळू नये असं मला वाटतं.

म्हणून परतण्याच्या वर्षभर आधी रोज वीस मिनिटं. बालभारतीची पुस्तकं इंटरनेटवर फुकट मिळतात. पहिलीपासून सुरू करा, मुलाच्या इयत्तेपासून नाही. आधी बिनजोडाक्षरांचे शब्द, मग आजीला चार ओळींचं पत्र, मग पाट्या. जवळ महाराष्ट्र मंडळाची रविवारची शाळा असेल तर तिथे घाला. तिथे त्याला आपल्यासारखी दुसरी मुलंही भेटतात.

शाळा बघायला जाल तेव्हा मुख्याध्यापकांना सरळ विचारा: परदेशातून आलेली मुलं आधी घेतली आहेत का, पहिल्या सहामाहीत मराठी-हिंदीच्या परीक्षेत काय सवलत देता? उत्तर अडखळत आलं तर दुसरी शाळा बघा. नावाजलेल्या शाळेपेक्षा ऐकून घेणारी शाळा बरी. तिथलं जर्मन किंवा डच सुटू देऊ नका. आठवड्याला एक तास तिथल्या मित्राशी बोलणं पुरतं, पण ते ठरवून करावं लागतं.

आई-बाबा आणि घर

परतण्याचं कारण बहुतेकांच्या बाबतीत आई-बाबा असतात. तरीही पहिलं वर्ष त्यांच्याच घरात राहू नका, चालत पाच मिनिटांवर घर घ्या, असं मी सुचवेन. त्यांनी दहा वर्षांत स्वतःचा दिनक्रम लावलेला आहे: सकाळचं फिरणं, दुपारची झोप, ठरलेली मालिका. तुमची मुलं आठ वाजता झोपणारी आणि जेवताना टीव्ही न लावणारी. दोन्ही बाजू प्रेमापोटी गप्प बसतात आणि तेच साचत जातं. रोज संध्याकाळी एकत्र जेवा, रात्री आपापल्या घरी झोपा.

नवरा-बायकोंनी निघण्याआधी एक बोलणं नक्की करावं. तिथे भांडी, कपडे, मुलांचं आणणं-पोचवणं दोघांत वाटलेलं असतं. इथे आल्यावर मदतीला बाई मिळतात, पण त्यांना सांगणं-सवरणं, सासूबाईंची औषधं, लग्न-मुंजींची आमंत्रणं, पाहुणे हे सगळं न बोलता सुनेकडे सरकतं. त्यात तिची तिथली नोकरी सुटलेली असते. तिच्या कामाचं काय, किती महिन्यांत, मुलं तेव्हा कोण बघणार, हे तारखांसकट ठरवा. नवऱ्याच्या पॅकेजवर घरात महिनाभर चर्चा होते, तेवढीच यावरही व्हायला हवी.

पहिले सहा महिने रस्त्यावरचा हॉर्न, रांगेत घुसणारा माणूस, ‘होऊन जाईल’ म्हणणारा प्लंबर यांनी जीव मेटाकुटीला येतो. ‘तिकडे असं नव्हतं’ हे वाक्य रोज दहादा तोंडावर येईल. ते तोंडातून बाहेर पडलं की समोरचा माणूस, मग तो सख्खा भाऊ का असेना, थोडा लांब जातो. या काळात नुकत्याच परतलेल्या एखाद्या कुटुंबाशी मैत्री ठेवा. हे सगळं ज्यांच्यापाशी मोकळेपणाने बोलता येईल, अशी माणसं तीच. मोठे निर्णय, फ्लॅट घेणं किंवा परत जाणं, या सहा महिन्यांत घेऊ नका.

दोन वर्षांनंतर: पेन्शन

जर्मनीत पगाराच्या १८.६ टक्के पेन्शनमध्ये जातात, निम्मे तुमचे, निम्मे कंपनीचे. भारतीय नागरिक म्हणून परतलेल्यांचे भरलेले महिने ६० पेक्षा कमी असतील तर शेवटच्या हप्त्यानंतर २४ महिने पूर्ण झाल्यावर तुमचा निम्मा वाटा परत मागता येतो. त्याचा अर्ज व्ही ०९०१ या फॉर्मवर असतो. ६० महिने किंवा जास्त भरले असतील तर पैसे परत मिळत नाहीत, पण १९६४ किंवा नंतर जन्मलेल्यांना ६७व्या वर्षापासून तिथली पेन्शन भारतात मिळते. १ मे २०१७ पासून लागू असलेल्या भारत-जर्मनी करारामुळे पात्रतेच्या महिन्यांत भारतातल्या पेन्शन योजनेतला काळही जोडता येतो. पैसे परत घेतले की त्या काळाचा सगळा हक्क संपतो, म्हणून ५०-५५ महिने भरलेल्यांनी अर्ज करण्याआधी दोन्ही पर्यायांचे आकडे काढून बघावेत. पुन्हा युरोपात जाण्याची शक्यता असेल तर मी पैसे तिथेच ठेवेन.

नेदरलँड्समध्ये राहिल्याच्या प्रत्येक वर्षाला एओडब्ल्यू या सरकारी वृद्धापकाळ पेन्शनचे दोन टक्के जमतात, म्हणजे दहा वर्षांचे २० टक्के. ते आपोआप येत नाहीत, वयाला पोचल्यावर अर्ज करावा लागतो. दोन्ही देशांच्या पेन्शन कार्यालयांना भारतातला पत्ता कळवा आणि घर बदललं की पुन्हा कळवा. विमा क्रमांक, खाते क्रमांक आणि कार्यालयाचा पत्ता एका कागदावर लिहून जोडीदाराला त्याची जागा दाखवून ठेवा.